पुढं जा म्हणाले, पण पुढं म्हणजे कुठं?

वाचकांचे प्रश्न, सिस्टरबाईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की गावाकडं दवाखान्याचं नेमकं काय अडतं ते कळवा, तर पत्रं आणि मेसेज मिळून इतके आले की संपादकांनी मला पिशवीच आणून दिली. मी डॉक्टर नाही हे आधी सांगते, चौतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, आधी उपकेंद्राची सिस्टर, मग आरोग्य सहायिका, आणि आता घरी बसून गुडघे चोळते. डॉक्टर नाहीत, औषध नाही, रस्ता नाही या तक्रारी येणार हे माहीतच होतं, पण पिशवीतली पत्रं वाचताना एकच शब्द परत परत दिसायला लागला, "पुढं जा". पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, पुढं मोठ्या दवाखान्यात जा, तालुक्याहून पुढं जा. माझं मत विचाराल तर गावाकडची माणसं अंतरामुळं जितकी दगावत नाहीत तितकी या चुकीच्या फेऱ्यांमुळं दगावतात, म्हणून यावेळी बरेचसे प्रश्न तेच घेतलेत.

प्रश्न : मागच्या जुलैत लावणी चालू असताना सासऱ्यांना बांधावर घोणस चावली. आधी भगताकडं अर्धा तास गेला ती आमची चूक. मग पीएचसीत गेलो, तिथं बाटली लावून लस दिली आणि पुढं जा म्हणाले. तालुक्याला गेलो तर तिथून परत पुढं. जिल्ह्याला पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले. सासरे वाचले पण तीनदा डायलिसिस करायला लागलं. पीएचसीत लस होती तर त्यांनी तिथंच का नाही ठेवून घेतलं? (एक सून, रायगड जिल्हा)

सासरे वाचले ना, मग बाकीचं निवांत बोलू. पीएचसीवर तुमचा राग आहे पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी मला वाटतं त्या लोकांनी त्यांचं काम केलं. आपण सगळे लस लस म्हणतो पण ते असतं प्रतिविष, घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून काढलेलं, आपल्याकडं हाफकिन या सरकारी संस्थेत बनतं, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांना तेच एक चालतं, त्यामुळं साप मारून पिशवीत घालून आणायची काही गरज नसते (मी टेबलावर जिवंत फुरसं सोडलेलं पाहिलंय, पेशंट एकीकडं आणि आम्ही सगळे खिडकीत). विषाची लक्षणं दिसली की सुरुवातीला साधारण दहा व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, सलाईनमधून देतात, आणि लक्षणं नसतील तर देत नाहीत, नुसतं चोवीस तास लक्ष ठेवतात, त्यामुळं "चावलंय तरी इंजेक्शन दिलं नाही" म्हणून लगेच भांडायला उठू नका, त्या औषधाची रिॲक्शन पण जोरदार येऊ शकते.

आता घोणशीचं बघा. ती चावली की रक्त गोठायचं बंद होतं. त्याची टेस्ट अगदी साधी असते, कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, स्टँडमध्ये उभं करून ठेवायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी हळूच आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात आहे. नळी साबणानं धुतलेली असली तरी टेस्ट चुकते आणि प्लास्टिकची तर चालतच नाही. आमच्याकडं एक शिपाईमामा होते ते या नळ्या स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवायचे, कुणी युरिनला नेऊ नये म्हणून, आणि आम्ही त्यांना हसायचो. तर मुद्दा असा की घोणशीचं विष पुढं किडनीवर जातं आणि डायलिसिसचं मशीन पीएचसीत नसतं, नागाचं किंवा मण्यारीचं असेल तर श्वास थांबू शकतो आणि व्हेंटिलेटर लागतो, तोही तिथं नसतो. म्हणून पहिला डोस देऊन पुढं पाठवणं बरोबरच.

घोळ झाला तो मधल्या थांब्यावर. तालुक्याला डायलिसिस नव्हतं तर तिथं उतरवलंच कशाला, सरळ जिल्ह्याला का नाही नेलं, हा प्रश्न तुम्ही पीएचसीच्या दारात विचारायला हवा होता, पण त्यावेळी कुणाला सुचतं म्हणा. तरी लक्षात ठेवा, कुणीही पुढं जा म्हणालं की गाडीत बसायच्या आधी विचारायचं, पुढं म्हणजे नेमकं कुठं, आत्ता या घडीला तिथं लागणारे डॉक्टर आणि मशीन आहे का, आणि तुम्ही तिथं फोन केला का. तुमच्यासमोर फोन करायला लावा, रागावले तर रागावू देत. आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी आहेत का बघा, चावल्याची वेळ, किती व्हायल दिल्या, आणि त्या नळीच्या टेस्टचं काय आलं. नुसतं "रेफर" लिहिलेल्या चिठ्ठीवर पुढचे लोक सगळं पहिल्यापासून सुरू करतात आणि त्यात तास जातो.

भगताचं म्हणाल तर त्याला शिव्या देऊन काही होत नाही. बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी साप सुद्धा दरवेळी विष सोडतोच असं नाही, त्यामुळं भगताकडं गेलेले पुष्कळ जण आपोआप बरे होतात आणि नाव त्याचं होतं. आम्ही एका वाडीत भगतालाच पटवलं होतं की बाबा तुझा मंत्र गाडीत बसून म्हण, नारळ पण गाडीतच फोड, पण पेशंट घेऊन ये. तो यायचा! स्वतःच्या मोटरसायकलवर मधे बसवून आणायचा. करकचून आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, अंगठी-बांगड्या काढून टाकायच्या, हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि पेशंटला चालवायचं नाही, इतकंच घरी करायचं असतं.

आणि एक, घरात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून उठलं तर मण्यार आठवा, तिचा दंश बऱ्याचदा दिसत पण नाही आणि दुखत पण नाही. विंचवासाठी मात्र तुमच्याच रायगडचे आभार मानायला पाहिजेत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन नावाची साधी बीपीची गोळी लाल विंचवाच्या दंशावर चालते हे दाखवलं, नाहीतर कोकणात त्यानं काय कमी माणसं गेली नाहीत.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात सगळं फ्री झालंय म्हणतात, मग आमच्याकडून केस पेपरचे आणि रक्ताच्या टेस्टचे पैसे का घेतले? (जालना)

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा सगळीकडं, केस पेपर, तपासण्या, ॲडमिट होणं मोफत आहे. पण मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल दुसऱ्या खात्याकडं येतं, तिथं हे लागू नाही आणि लोकांना ती बिल्डिंग पण "सिव्हिल" च वाटते, तुम्ही नेमके कुठं गेला होता ते लिहिलेलं नाही. आरोग्य खात्याच्याच दवाखान्यात घेतले असतील तर पावती मागा, पावती मागितली की बऱ्याचदा पैसेच परत येतात असा माझा अनुभव आहे, आणि नाही आले तर १०४ ला फोन करून तक्रार नोंदवा.

प्रश्न : माझ्या बहिणीला सातवा महिना चालू आहे, तारीख ऑगस्टची दिलीय. तिचा पाडा नदीपलीकडं आहे, पावसात पाणी चढलं की चार चार दिवस रस्ता बंद. मागच्या वर्षी पाड्यावरच्या एका बाईला चादरीची झोळी करून आणताना वाटेतच झालं. मी नाशिकला कंपनीत आहे, सारखं जाता येत नाही. ॲम्ब्युलन्सला किती वेळ आधी फोन करायचा म्हणजे वेळेत येईल? (मोठा भाऊ, मूळ गाव मोखाडा तालुका)

भाऊ, तुम्ही कितीही आधी फोन केला तरी ॲम्ब्युलन्स नदी ओलांडत नाही, ती अलीकडच्या काठाला येऊन उभी राहते. १०८ च्या गाड्या २०१४ पासून आहेत, सुरुवात झाली तेव्हा अख्ख्या राज्याला मिळून ९३७ होत्या, त्यातल्या २३३ मोठ्या म्हणजे व्हेंटिलेटरवाल्या, आता एक गाडी किती गावं सांभाळत असेल तुम्हीच हिशोब करा. तेव्हा गाडी बहिणीकडं आणायचा विचार सोडा आणि बहिणीला गाडीकडं आणायचा विचार करा, तेही जुलैच्या मध्यावर, तारीख ऑगस्टची असली तरी. दिलेली तारीख म्हणजे काही एसटीचं टाइमटेबल नाही, दोन आठवडे मागंपुढं अगदी सहज होतं.

आदिवासी भागातल्या बऱ्याच पीएचसींना लागून माहेरघर म्हणून खोली असते. बाळंतपणाच्या आधी काही दिवस बाईनं तिथं येऊन राहायचं, सोबत घरची एक बाई आणि लहान लेकरू असेल तर तेही. कल्पना फार चांगली, पण बायका येत नाहीत, आणि का येत नाहीत ते कुणी नीट ऐकून घेत नाही. मी एकदा एका पोरीला तीन वेळा पाड्यावर जाऊन समजावून आणलं, खाटेवर नवी चादर घातली, जेवण चालू केलं, तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पोरगी गायब. रात्री पाऊस लागला होता आणि घरी शेळी व्यायला झाली होती, नवऱ्याला ते जमत नाही म्हणून ही नवव्या महिन्यात पाच किलोमीटर चालत परत गेली! मी खूप चिडले होते तेव्हा, आता वाटतं शेळीची सोय कोण करणार हे मी आधी विचारायला हवं होतं. तुम्ही पैसे पाठवणार असाल तर बाळाच्या कपड्याला पाठवू नका, बहिणीच्या घरी पंधरा-वीस दिवस कामाला कुणीतरी राहील त्याला द्या. माहेरघर नको वाटत असेल तर अलीकडं कुणी मावशी-आत्या असेल तिच्याकडं ठेवा, अलीकडच्या काठाला असणं महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे कुठं बाळंत व्हायचं हे आत्ताच ठरवा. तिचं माता-बाल कार्ड मागवून घ्या, व्हॉट्सॲपवर फोटो आला तरी चालेल, आणि त्यात हिमोग्लोबिन किती, बीपी किती, सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, टेस्ट झालीय का, आधीचं सिझर आहे का हे बघा. सगळं ठीक असेल तर पीएचसीतच होऊ द्या, उगाच भीतीनं नाशिकला पळवायची गरज नाही. पण हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल, बीपी वाढलेलं असेल, जुळं असेल, बाळ आडवं असेल किंवा आधी सिझर झालेलं असेल तर पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालय दोन्ही सोडा आणि सरळ जव्हारचं उपजिल्हा नाहीतर नाशिकचं सिव्हिल ठरवून ठेवा. सिझर करायला बाळंतपणाचे डॉक्टर असून भागत नाही, भूल देणारे डॉक्टर लागतात, रक्त लागतं, आणि गावाकडचं अर्धं "पुढं जा" हे भूल देणारे नाहीत म्हणूनच असतं. बहिणीच्या सिस्टरला सरळ विचारा की भूलतज्ज्ञ कुठल्या दवाखान्यात कुठल्या वारी असतात. हे सिस्टरला तोंडपाठ असतं, फक्त कुणी विचारत नाही.

पैशांची काळजी करू नका, सरकारी दवाखान्यात २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, सोनोग्राफी सगळं फुकट आहे, नॉर्मल झालं तर तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण पण. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी सोडायला गाडी, हे पण त्यातच येतं, ती १०२ ची. या गाड्या बहुतेक पीएचसीतच उभ्या असतात म्हणून ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवा, पाड्यावरून १०२ लागत नाही अशी रेंज असली तर ड्रायव्हरला मिस्ड कॉल तरी जातो. बाळंत झाल्यावर परत सोडायची गाडी मात्र मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आठवणीनं मागा, दोन दिवसांच्या बाळंतिणीला काळी-पिवळीत मागं बसून जाताना मी इतक्यांदा पाहिलंय.

आणि डोकं खूप दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येते, तोंडावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी, यातलं काहीही झालं तर तारीख-बिरीख बघायची नाही, निघायचं.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, माण तालुक्यात गावी असतात, मी पुण्यात. दर पंधरा दिवसांनी अशक्तपणा आला म्हणून तालुक्याला जाऊन सलाईन लावून येतात, दरवेळी हजार-बाराशे जातात. बीपीची गोळी मात्र बरं वाटतंय म्हणून बंद केली. गावात आरोग्य मंदिर आहे पण म्हणतात तिथं डॉक्टर नसतो, नुसतं पोरगं बसलेलं असतं. काय करू? (मुलगा)

हा प्रश्न वाचून मी हसले कारण माझ्या सख्ख्या दिराचं हेच चाललंय. वडिलांना सांगा की त्या अर्धा लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असतं, म्हणजे चमचाभर मीठ. आणि ती दुसरी गोड बाटली असते ना, त्यात पंचवीस ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे, गावाकडच्या दोन कप चहात तेवढी सहज जाते. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं, तोंडानं काही राहत नाही, तेव्हा सलाईन जीव वाचवतं, पण एरवी बाराशे रुपयांचं मीठ आणि तेही बीपीच्या माणसाला शिरेतून! दिवसभरात सगळ्या जेवणातून मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं म्हणतात, इथं एका तासात एवढं.

पण मग त्यांना बरं का वाटतं? कधी त्या बाटलीत एखादं व्हिटॅमिनचं नाहीतर दुखण्याचं इंजेक्शन सोडलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे तास-दीड तास पंख्याखाली आडवं पडायला मिळतं, कुणीतरी हात धरून विचारतं काका कसं वाटतंय. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. गावात एकट्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून विचारणारं कोण आहे? तुम्ही पुण्यात, आई असेल तर तिचे तिला व्याप. तर सलाईन बंद करा म्हणून फोनवर ओरडलात तर ते बंद होणार नाही, लपून चालू राहील.

आता ते "नुसतं पोरगं". आधीच्या उपकेंद्रालाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, आणि ते पोरगं म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आपल्याकडं त्यात बरेचसे बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टरकी, झालेले असतात, म्हणजे शिकलेला डॉक्टरच की तो, फक्त गळ्यात स्टेथोस्कोप घालून मिरवत नाही आणि सुई टोचत नाही म्हणून लोकांना डॉक्टर वाटत नाही. त्याच्याकडं बीपी, शुगर मोजून मिळतं, महिन्याच्या गोळ्या फुकट मिळतात, आणि गरज पडली तर टॅबवर ई-संजीवनीतून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा वडिलांना घेऊन स्वतः तिथं जा, त्याचा नंबर घ्या, त्याला चहा पाजा, आणि सांगा दर महिन्याच्या अमुक तारखेला काका येतील, नाही आले तर मला एक फोन कर. गोळ्या संपलेल्या असतात कधी कधी, ते खरं आहे, म्हणून आठवडाभराच्या जादा ठेवा. बीपीची गोळी बरं वाटण्यासाठी नसते, हे वडिलांना तुम्ही सांगून पटणार नाही, गावातल्या ज्या कुणाला बीपीनं अर्धांगवायूचा झटका आलाय त्याच्या ओट्यावर त्यांना चहाला घेऊन जा. क्रूर वाटेल, पण चालतं.

अशक्तपणा खरंच असेल तर मात्र हिमोग्लोबिन आणि शुगर तपासा, प्रत्येक वेळी मनाचे खेळ नसतात, या वयात शुगर निघते बऱ्याचदा. आणि दात किती राहिलेत ते पण बघा! भाकरी चावत नाही म्हणून नुसत्या चहा-बिस्किटावर दिवस काढणारी म्हातारी माणसं मी ढिगानं पाहिलीत, त्यांचा अशक्तपणा कवळी बसवल्यावर गेला.

प्रश्न : आईला हार्टचा त्रास झाला, शहरातल्या खाजगी हॉस्पिटलला नेलं. बाहेर महात्मा फुले योजनेचा बोर्ड होता, पण आत काउंटरवर म्हणाले आधी वीस हजार भरा, कार्डाचं नंतर बघू. भरले. नंतर म्हणाले आता उशीर झाला, योजनेत बसत नाही. असं असतं का? (लातूर जिल्हा)

असं नसतं, पण असं करतात. सरकारच्या या मोफत उपचारांच्या योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसवलेला असतो, कोपऱ्यात छोटं टेबल असतं आणि काउंटरवाले त्याच्याकडं पाठवायला सोयीस्कर विसरतात. बिलिंगच्या काउंटरवर जायच्या आधी आरोग्यमित्र कुठंय हे विचारायचं, रेशनकार्ड आणि आधार त्याच्या हातात द्यायचं, रात्रीची इमर्जन्सी असेल तर तो फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करवू शकतो आणि कागद मागाहून देता येतात. आजार योजनेच्या यादीत असेल आणि मंजुरी आली असेल तर अनामत घ्यायचीच नसते, सगळं कॅशलेस. आता पांढरं रेशनकार्ड असलेल्यांना पण योजना लागू केलीय आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. फक्त यादीतलाच आजार लागतो आणि सगळी हॉस्पिटलं सगळ्या आजारांना नसतात, हाडांचं योजनेत आहे पण हार्टचं नाही असं एकाच बिल्डिंगमध्ये असू शकतं, बोर्डावर ते लिहिलेलं नसतं.

तुम्ही भरलेल्या पैशांची पावती आहे का? असेल तर १५५३८८ वर फोन करा, तक्रार नंबर घ्या, आणि जिल्ह्याच्या योजनेच्या ऑफिसला लेखी पण द्या. पावती नसेल तर अवघड आहे, मी खोटं सांगणार नाही. आणि जाता जाता, खाजगी नर्सिंग होमनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची हे २०२१ च्या नियमात आहे, रिसेप्शनला उभं राहून नुसतं "दरपत्रक कुठं लावलंय" विचारलं तरी समोरच्याचा सूर बदलतो, करून बघा.

प्रश्न : पोराला गल्लीतल्या कुत्र्यानं ओरबाडलं, रक्त थोडंच आलं, आजी म्हणते चुना लावा. (धाराशिव)

चुना नाही, तिखट नाही, हळद नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, पोरगं रडलं तरी. मग त्याच दिवशी पीएचसी. कातडीत देणारं इंजेक्शन असेल तर आजचा शून्य धरून ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडात असेल तर १४ वा धरून एकूण पाच. रक्त आलंय म्हणजे जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध, पण लागतं, पीएचसीत नसलं तर कुठं आहे ते तिथूनच फोन करून विचारायला लावा. बरी दिसतेय म्हणून शेवटची सुई चुकवू नका.

प्रश्न : मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, आहे. रात्री बाईला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जाते, ती आत जाते आणि मला बाहेर जिन्यावर बसायला लागतं, पाऊस असला तरी. सकाळी एसटी मिळेपर्यंत तिथंच. बाथरूमला कुलूप. आणि वर मोबदला सहा महिन्यांनी. आम्हाला कुणी विचारतं का? (नाव देऊ नका)

नाव देत नाही. हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण तो जिना मला माहीत आहे, प्रत्येक रुग्णालयात तसाच एक असतो.

बाई गं, गावातल्याच बाईला आशा करायची कल्पना काही दिल्लीत बसून कुणाला सुचलेली नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले आणि त्यांनी गावातल्या निरक्षर बायकांना शिकवून गावाचं आरोग्य त्यांच्या हातात दिलं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाचा न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं आणि बाळांचे मृत्यू कमी होतात हे १९९९ साली जगाला दाखवलं. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुम्ही जी बाळाच्या घरी भेट देता ना वजनकाटा खांद्याला लावून, ती तिकडूनच आली. म्हणजे अख्खी इमारत ज्या पायरीवर उभी आहे तिलाच बसायला जागा नाही.

आशांसाठी रुग्णालयात विश्रांतीची खोली असावी हे आरोग्य अभियानात धरलेलंच आहे, पण खोली असते आणि त्यात जुनी कपाटं, मोडक्या खाटा आणि गेल्या मोहिमेचे बॅनर भरलेले असतात. एकटीनं मागू नका, तालुक्याच्या मीटिंगला आठ-दहा जणी मिळून गटप्रवर्तकांना, म्हणजे तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या बायकांना, पुढं घालून वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत विषय घ्या म्हणून लिहा, त्या समितीकडं पैसे असतात आणि एक खोली झाडून दोन गाद्या आणि बाथरूमची किल्ली यासाठी मंत्रालयात जायला लागत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मोबदल्याचं मात्र वेगळं आहे, त्याच्यासाठी तुमच्या संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हाच २०२४ मध्ये राज्यानं पाच हजार वाढवले, त्यामुळं अर्जबिर्ज करून ते सुटेल असं मी म्हणणार नाही.

तोपर्यंत एक करा, लेबर रूममधल्या सिस्टरला आधी फोन करून सांगत जा की मी येतेय आणि रात्रभर आहे. मी ड्युटीला असताना एक आशा असा फोन करायची, तिच्यासाठी आम्ही ड्रेसिंग रूमचं स्टूल आणि एक ब्लँकेट बाजूला काढून ठेवायचो, आणि पहाटे चारला चहा करताना तिचा पण अर्धा कप त्यात टाकायचो.